जागेवरची सायकल

९ नोव्हेंबर

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपले पत्र काल दुपारी मिळाले. वाचताना मी खुर्चीवरून उठलो, पुन्हा बसलो, चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचले. तरी मजकूर बदलला नाही. आपण सायकल शिकणार! आपल्या वयाचा उल्लेख करणे सभ्यतेस धरून होणार नाही, म्हणून करीत नाही.

आपली अडचण मला समजली ती अशी. आपल्या गल्लीत येणारी बस एप्रिलपासून बंद होणार. बाजार, दवाखाना आणि आपल्या शिवणकामाचे सामान मिळण्याचे दुकान हे सर्व पुलापलीकडे. तेथवर चालत जाण्यास आपले गुडघे तयार नाहीत. म्हणून माझे चिरंजीव आणि सूनबाई यांनी आपसांत ठरविले की आपण घर विकून आमच्याकडे राहावयास यावे. आपणास घर सोडावयाचे नाही. मार्चअखेर ती दोघे घरांच्या दलालास घेऊन आपल्याकडे येतील, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत सायकलवरून बाजारात जाऊन परत यावयाचे, असा आपला बेत. तोवर रस्त्यावर बर्फ. म्हणून घरातल्या घरात सायकल चालविण्याचे जे यंत्र मिळते, ज्यास ट्रेनर म्हणतात, ते कोणते घ्यावे हे मी सांगावे. कारण माझी सारी हयात सायकलच्या कारखान्यात गेली.

मी नकार लिहावयास बसलो होतो. तेवढ्यात चिरंजीव मापाची टेप घेऊन खोलीत आले आणि माझ्या पलंगावरून पलीकडे वाकून भिंत मोजू लागले. विचारले तेव्हा म्हणाले, "बाबा, इथे मधोमध प्लायवूड टाकलं की दोन खोल्या होतील. एक तुमची, एक सासूबाईंची." प्लायवूडच्या अलीकडे व्याही आणि पलीकडे विहीणबाई! खोकलासुद्धा विचार करून काढावा लागेल.

तरी मी दुकानात जाऊन चौकशी करीत आहे. आपल्या इच्छेप्रमाणे सूनबाईंना काहीही कळविणार नाही. आपले पत्र त्यांनीच माझ्या हाती दिले. "आईचं पत्र? तुम्हाला?" असे विचारून त्या दारातच उभ्या राहिल्या. मी म्हणालो, "पाकिटावर नाव माझे आहे." त्या अजूनही अधूनमधून माझ्याकडे पाहतात.

आपला,
व्याही


१५ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

खोकला खुशाल काढा. मी काही प्लायवूडच्या पलीकडे येत नाही.

तुमचा होकार वाचून हायसं वाटलं. फोन केला असता, पण तुमच्या घरचा फोन माझी लेकच उचलते आणि माझ्या नुसत्या "हॅलो"वरून तिला कळतं की आई काहीतरी लपवतेय. पत्राला आवाज नसतो.

शेजारच्या मास्तरीणबाईंनी त्यांची जुनी सायकल दिली आहे. मधला दांडा खाली वाकलेला आहे, बसायला सोपी. पुढच्या खोलीत माझं शिवणाचं पायमशीन आहे, त्याच्या शेजारी तिची जागा केली. व्याहीबुवा, माझे पाय तयार आहेत बरं का! जन्मभर पायमशीन चालवलंय. मशीन जागेवर राहतं आणि कापड पुढे जातं. हिवाळाभर सायकल जागेवर राहील आणि मी पुढे जाईन. एकदा पायांना सवय झाली की रस्ता काय, आपोआप येईल.

लेक परवा फोनवर म्हणाली, "आई, हट्ट सोड, तुला आता एकटीला झेपणार नाही." मी म्हटलं, "तुझ्या लग्नातले परकर-पोलके कोणी शिवले? एकटीनेच ना?" तर म्हणते, "विषय बदलू नकोस." अहो, मी कुठे बदलला? विषय तोच होता. या घरात माझं गिऱ्हाईक दार न वाजवता आत येतं. तुमच्याकडे आले की मी पाहुणी होईन, आणि पाहुणीने किती दिवस चहा आयता प्यायचा?

दुकानात नीट बघा. मला यातलं ओ का ठो कळत नाही. तुम्ही म्हणाल ते घेईन.

तुमची,
विहीण


२३ नोव्हेंबर

विहीणबाईंस सादर नमस्कार.

दुकानात जाऊन आलो. जे पाहिले त्याने मी अद्याप सावरलो नाही.

ट्रेनर तीन प्रकारचे आहेत. पहिल्यात सायकलचे मागचे चाक काढून बाजूला ठेवतात आणि साखळी यंत्रालाच जोडतात. मी विक्रेत्या मुलीस म्हणालो, "बाई, चाक काढलेल्या सायकलीला सायकल म्हणावे काय?" ती म्हणाली, "काका, आवाज कमी होतो, आणि मोबाइलवर डोंगरसुद्धा दिसतो." घरात बसून डोंगर चढावयाचा आणि वर पोहोचल्यावर पाहावयाचे काय, तर आपलीच भिंत. हा प्रकार मी रद्द केला.

दुसरा प्रकार म्हणजे रोलर. जमिनीवर तीन लाटणी मांडावी तसे तीन दंडगोल असतात. त्यांवर सायकल नुसती उभी करावयाची, कोठेही बांधावयाची नाही, आणि चालवावयाची! एका तरुणाने चालवून दाखविली. ती डावीउजवीकडे अशी डोलत होती की मी कपाटाचा आधार घेतला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या सतरंजीवर पडून माणसाने हाड मोडून घ्यावे, यासाठी कोणी यंत्र बनवील असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. हाही रद्द.

तिसरा प्रकार मला पसंत आहे. लोखंडी चौकट असते. मागचे चाक तिच्यात दोन्ही बाजूंनी पकडून आवळतात, टायर एका छोट्या रुळावर टेकतो आणि रुळाला चुंबकाने हवा तसा अटकाव करता येतो. पुढच्या चाकाखाली ठोकळा ठेवावा. वर बसल्यावर मी स्वतः हँडल धरून हलवून पाहिले: सायकल केसभरही कलत नाही. हेच घ्यावे.

विक्रेत्या मुलीने एक प्रश्न विचारला, तो मला आगाऊपणाचा वाटला. म्हणाली, "चालवणाऱ्यांना सायकल येते ना आधीपासून?" मी उत्तर दिले, "आमच्या घराण्याला सायकलविषयी हा प्रश्न विचारू नये."

आपल्या पत्त्यावर पाठविण्याची व्यवस्था केली आहे.

आपला,
व्याही


१८ डिसेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

यंत्र आलं, मास्तरीणबाईंनी आणि मी मिळून बसवलं, आणि मी सायकल चालवते आहे! मी! पहिल्या दिवशी पॅडलवर दोन्ही पाय ठेवले आणि पडले नाही तेव्हा मलाच धक्का बसला. लोक उगाच बाऊ करतात हो सायकलचा.

आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा येतो. लेकीचा फोन आला तेव्हा मी वरच होते. "आई, कसला आवाज?" म्हटलं, "मशीन." खोटं काय त्यात? "आणि धापा का टाकतेस?" म्हटलं, "जाड कापड आहे."

समोरच्या भिंतीवर खडूने रस्ता काढलाय. आधी आमची गल्ली, मग बेकरी, तिथे डावीकडे वळायचं, मग पूल, पुलानंतर दवाखाना, बाजार. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत मी बाजारात जाऊन येते. वळण आलं की हात दाखवते, बेकरीपाशी घंटी वाजवते. काल पुलावर ब्रेक लावला, कारण कुत्रं आडवं आलं असं मीच ठरवलं होतं. खिडकीतून दूधवाला बघत होता. त्याने दुधाची पिशवी ठेवली आणि घाईघाईने निघून गेला.

गुडघे दुखत नाहीत. उलट जिना चढताना हलके वाटतात. तुमचे उपकार कसे फेडू?

तुमची,
विहीण


१० जानेवारी

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपली प्रगती वाचून मी थक्क झालो. निवड योग्य ठरली याचा आनंद आहे. अर्थात ती चुकण्याचे काही कारण नव्हते.

येथे मात्र बिकट प्रसंग गुदरला आहे. रविवारी जेवताना सूनबाईंनी ताट पुढे करून सरळ विचारले, "बाबा, आईची आणि तुमची इतकी कसली पत्रं चालतात?" चिरंजीवांचा घास हातातच राहिला. मी म्हणालो, "शिवणकामाविषयी." त्या म्हणाल्या, "तुम्ही शिवणार आहात?" मी म्हणालो, "माणसाने शिकत राहावे." जेवण आटोपले. स्वयंपाकघरात ती दोघे कुजबुजत होती. भिंतीतून "या वयात?" एवढे दोन शब्द मला स्पष्ट ऐकू आले. विहीणबाई, मला दरदरून घाम फुटला! आपल्याविषयी आणि माझ्याविषयी काय तर्क केला जात आहे, हे कागदावर लिहावयासही माझी लेखणी धजत नाही.

परंतु वचन दिले आहे. मार्चपर्यंत मी शिवणकाम शिकत आहे.

प्लायवूड येऊन जिन्याखाली ठेवले आहे.

आपला,
व्याही


१९ फेब्रुवारी

व्याहीबुवा,

तुमचं दहा जानेवारीचं पत्र वाचून मी इतकी हसले की सायकलवरून उतरावं लागलं. शिका, शिका. काजं करायला शिका आधी, तिथेच सगळे हरतात.

आता माझी बातमी ऐका आणि खुर्ची घट्ट धरा. मी दोन्ही हात सोडून चालवते! केसांचा आकडा निसटला होता, तो लावायला हात वर नेले आणि बघते तर सायकल आपली चाललीच आहे. मग रोजच करायला लागले. डोळे मिटूनसुद्धा जमतं. मास्तरीणबाई माहेरी गेल्यात, नाहीतर त्यांना दाखवलं असतं.

रस्त्यावरचा बर्फ वितळतोय. कडेला घाण चिखल उरलाय तेवढा वाळला की यंत्रातून सायकल काढणार आणि थेट बेकरीपर्यंत जाणार. मग पत्र लिहीन.

विहीण


२४ फेब्रुवारी

विहीणबाईंस सादर नमस्कार.

दोन्ही हात सोडून! आणि डोळे मिटून! आमच्या कारखान्यात सायकलींची परीक्षा घेणारे दोन तरबेज गडी होते, त्यांच्यापैकी एकालाच हात सोडता येत असत, आणि तोही डोळे उघडे ठेवून. आपण त्यास मागे टाकलेत. मी आज दिवसभर कोणाशी बोललो नाही. विलक्षण बातमी पोटात असताना माणूस दुसरे काय बोलणार?

रस्त्यावर मात्र हात सोडू नयेत. एवढीच सूचना.

आपला,
व्याही


६ मार्च

व्याहीबुवा,

अक्षर वाकडं आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा मनगटात मुरगळलाय. मोडला नाही.

सकाळी सायकल गल्लीत आणली, बसले, दोन्ही पाय पॅडलवर ठेवले, रोजच्यासारखे. मी काही केलंच नाही, आणि सायकल आडवी झाली. पुढे गेलीच नाही हो, नुसती आडवी. उठून पुन्हा बसले, पुन्हा आडवी. तिसऱ्यांदा बेकरीवाला धावत आला. म्हणाला, "काकू, आधी चालवली आहे का कधी?" मी म्हटलं, "हिवाळाभर." तर हा माणूस माझ्याकडे असा बघतो, जसं काही मला डोक्यालाच लागलंय.

माझ्या लक्षात येत नाही, चुकलं काय? पाय तर तेच आहेत.

विहीण


१० मार्च

विहीणबाईंस सादर नमस्कार.

आपले पत्र चार वेळा वाचले. सायकल आडवी होण्याचे कारण माझ्या मते रस्त्याचा उतार हे असावे. किंवा पुढच्या चाकात हवा कमी असेल. किंवा मास्तरीणबाईंच्या सायकलीची चौकट मुळातच वाकलेली असेल. जुन्या मालाचा भरवसा नसतो. यंत्रात दोष असणे शक्य नाही, कारण ते मी स्वतः हलवून पाहिले होते.

मनगटाला शेक द्यावा. सायकलची संपूर्ण तपासणी होईपर्यंत तिच्यावर बसू नये.

आपला,
व्याही


१४ मार्च

व्याहीबुवा,

तपासणी झाली. सायकलची नव्हे, तुमची.

काल लेकीचा फोन आला. मी सहज म्हटलं, "तुझे सासरे तरुणपणी कारखान्यात सायकलवरूनच जात असतील नाही?" ती म्हणाली, "बाबा? अगं, बाबांना कुठे येते सायकल! जन्मभर चालत गेले." माझ्या हातातून फोनच पडला. खाली पडलेल्या फोनमधून ती "आई? आई?" करत होती.

तुम्हाला सायकल येत नाही! आणि तुम्ही मला सायकलचं यंत्र निवडून दिलंत, आणि ते रोलर रद्द केलंत, कारण काय तर त्यावर सायकल डोलते! अहो, तोल म्हणतात त्यालाच. मास्तरीणबाई माहेरून आल्या, त्यांनी सांगितलं. पॅडल मारणं म्हणजे सायकल नव्हे, न पडणं म्हणजे सायकल. तुमच्या यंत्राने मला तीन महिने पडूच दिलं नाही, मग मी शिकणार काय? दुकानातल्या पोरीने विचारलं होतं ना तुम्हाला? घराणं म्हणे!

मी काल रात्रभर चिडले होते. आता चिडायला वेळ नाही. दलाल अठ्ठावीस तारखेला येतोय.

आज बागेत बघितलं, एवढी एवढीशी मुलं बिनपॅडलच्या सायकलीवर बसून पायाने जमीन ढकलत सुटतात आणि मधेच पाय वर उचलतात. म्हटलं, मीही पॅडल काढते, सीट खाली घेते आणि तशीच ढकलत सुटते. हसतील ते हसू देत. मनगटाला पट्टी बांधली आहे. उजवं पॅडल निघालं, पण डावं काही केल्या निघेना. पाना घसरतोय, मास्तरीणबाईंचा जोर संपला. याचं तरी काही ठाऊक आहे का तुम्हाला? ठाऊक नसेल तर नाही म्हणून लिहा, घराणं काढू नका.

विहीण


१६ मार्च

विहीणबाईंस नमस्कार.

डावे पॅडल उलटे फिरते. इतर सर्व ठिकाणी ज्या दिशेने आवळतो, त्या दिशेने ते सैल होते. चालविताना आपोआप निघू नये म्हणून तसे आटे पाडलेले असतात. पाना लांब घ्यावा, आणि आधी तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवावे. निघेल.

हे मला नक्की ठाऊक आहे.

आपला बाकीचा मजकूर खरा आहे. मी रंगखात्यात होतो. तयार चौकटीवर सोनेरी रेघ ओढण्याचे माझे काम. हात हलला तर चौकट परत जाई. माझी एकही परत गेली नाही. सायकल माझ्यासमोर टांगलेली असे आणि माझ्यासमोरून टांगलेलीच पुढे जाई. जमिनीवर टेकलेली सायकल मी कारखान्यात फारशी पाहिलीच नाही. बाहेर लोक मला सायकलवाला म्हणू लागले. मग कोणास सांगणार, की आपणास येत नाही?

आपल्या मनगटास मी जबाबदार आहे.

आपला,
व्याही


२१ मार्च

व्याहीबुवा,

निघालं! तेलाने आणि उलट्या बाजूने. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमचे व्याही अगदीच कामातून गेलेले नाहीत."

शाळेच्या मैदानावर रोज जाते. काल मैदानाच्या एका टोकापासून मधल्या खांबापर्यंत पाय वर ठेवून गेले. कोणी धरलं नव्हतं, काही आवळलं नव्हतं. उद्या पॅडल परत बसवणार.

मनगटाचं मनाला लावून घेऊ नका. गुडघ्यांना जोर तुमच्या यंत्रानेच दिला, हेही खरं. येणार का तुम्ही अठ्ठावीसला? या. कोणीतरी माझ्या बाजूचं असू दे. पडले तर सगळे मिळून घरात नेतील, आणि घराबाहेरही.

विहीण


३० मार्च

विहीणबाईंस सादर नमस्कार.

घरी पोहोचल्यावर हे लिहावयास बसलो, कारण आपण पुलापलीकडे असताना आपल्या दारात जे घडले ते आपणास कोणी सांगितले नसेल.

आपण सायकल बाहेर आणलीत तेव्हा सूनबाईंनी किंचाळून माझा दंड धरला. चिरंजीव पुढे धावणार होते. मी त्यांच्या आडवी काठी धरली. सुरुवातीस आपण ज्या प्रकारे हेलकावलात, तो माझ्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ क्षण होता. मग सायकल सरळ झाली. बेकरीपाशी आपण घंटी वाजविलीत, डावा हात बाहेर काढलात, एकच हात, आणि वळून दिसेनाशा झालात.

त्यानंतर आपण बराच वेळ आला नाहीत. दलाल आपल्या पुढच्या खोलीत शिरून भिंतीवरचा खडूचा रस्ता पाहत उभा होता. सूनबाईही तेथे गेल्या. यंत्र पाहिले, खडूचा पूल पाहिला, बेकरी पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हे होतं होय तुमचं शिवणकाम?" मी मान हलविली. मग त्यांनी पाठ फिरवून पदर डोळ्यांना लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला पाठमोरे कळले नाही.

दलालाने घड्याळ पाहून विचारले, "मॅडम, मापं घेऊ का? घर विकायचं आहे ना?"

सूनबाई म्हणाल्या, "आईला विचारा. ती बाजारात गेली आहे."

इतके साधे वाक्य, विहीणबाई, पण ते ऐकून चिरंजीव पायरीवर मटकन बसले. आपण पाव आणि दोऱ्याची रिळे घेऊन परतलात तेव्हा ते तसेच बसलेले होते. पुढचे आपणास ठाऊक आहे. दलाल मापे न घेताच गेला. येथे जिन्याखालचे प्लायवूडही गेले. त्याचे कपाट होणार आहे.

निघताना आपण म्हणालात की यंत्र आता अडगळ झाले आहे, ते मी घेऊन यावे, पुढच्या हिवाळ्यात बसून चालवावे, पडण्याची भीती नाही. त्या वेळी चारचौघांत मी उत्तर दिले नाही. आता देतो. ते यंत्र मला नको.

मी पुढील महिन्यात येत आहे. सीट अगदी खाली घेऊन ठेवावी. पॅडले काढून ठेवावीत. डावे कसे काढावयाचे ते आपण जाणता. मैदानावर शाळा सुटल्यानंतरची वेळ असावी, कारण लहान मुलांसमोर मला ते जमणार नाही. आणि चिरंजीवांस व सूनबाईंस यातील काहीही कळवू नये. त्यांनी विचारल्यास, मी काजे करावयास शिकण्यासाठी येत आहे.

टपालपेटी येथून दूर आहे. हे पत्र टाकावयास मी चालत जात आहे. तूर्त.

आपला,
व्याही